अलिखित कर्ज : मुलांच्या उच्चशिक्षणासाठी किती साठवावे?

मुलांच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी पालकांनी किती साठवावे, या प्रश्नाला आज जवळपास सर्वत्र एकच उत्तर दिले जाते. एखाद्या नामवंत अभ्यासक्रमाचे आजचे शुल्क घ्यावे, ते महागाईच्या दराने अठरा वर्षे वाढवावे आणि येईल ती रक्कम उभी राहावी यासाठी मूल पाळण्यात असतानाच दरमहा हप्ता सुरू करावा. हे उत्तर गणिती दिसते, म्हणून ते खरे वाटते. आणि मुलावरील प्रेमाशी त्याची सांगड घातलेली असल्यामुळे ते तपासून पाहणे हाच पालकांना कर्तव्यातील कसूर वाटू लागतो. ही समजूत उथळ आहे. तिच्यात शिक्षणाचा खर्च एका ठरलेल्या आकड्यासारखा गृहीत धरला जातो, पालकांच्या वृद्धत्वाचा खर्च हिशेबातच घेतला जात नाही आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे त्या मुलाच्या भावी आयुष्यावर पडणारा खरा बोजा कोणता, हा प्रश्न उपस्थितच होत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की पालकांनी शिक्षणाचा संपूर्ण खर्च साठवण्याचे उद्दिष्ट ठेवू नये. जो खर्च शिष्यवृत्ती, चालू मिळकत आणि मर्यादित बँककर्ज यांपैकी कशानेही भागत नाही, तेवढाच बचतीतून उभा करावा, आणि तोही स्वतःच्या म्हातारपणाची तरतूद सुरू झाल्यानंतर. म्हातारपणाच्या पैशातून दिलेले शिक्षण हे मुलाला दिलेले दान ठरत नाही. ते मुलाच्या नावावर चढलेले एक कर्ज असते, फक्त ते कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते.

१. मोठा आकडा कसा तयार होतो

प्रथम त्या आकड्याची घडण पाहू. समजा, एका अभ्यासक्रमाचा आजचा एकूण खर्च १५ लाख रुपये आहे. शिक्षणाची महागाई दरसाल १० टक्के धरली, तर अठरा वर्षांनी हीच रक्कम सुमारे ८३ लाख होते. ६ टक्के धरली, तर सुमारे ४३ लाख. आता हप्त्याकडे वळू. गुंतवणुकीवर दरसाल १२ टक्के परतावा मिळेल असे मानले, तर ८३ लाखांसाठी दरमहा सुमारे ११,००० रुपये पुरतात. ७ टक्केच मिळतील असे मानले, तर १९,००० हून अधिक लागतात. ४३ लाखांच्या उद्दिष्टासाठी हेच दोन हप्ते अनुक्रमे साधारण ५,६०० आणि १०,००० रुपये येतात. म्हणजे मूल तेच, अभ्यासक्रम तोच, आणि तरीही मासिक बचतीचा आकडा ५,६०० पासून १९,००० पर्यंत कोठेही असू शकतो. हा तिपटीहून मोठा फरक केवळ दोन गृहीतकांतून निर्माण झालेला आहे, आणि ती दोन्ही गृहीतके अठरा वर्षांपुढील काळाविषयी असल्यामुळे आज कोणालाही सिद्ध करता येणारी नाहीत.

चक्रवाढीचे गणित चुकीचे आहे, असा याचा अर्थ नव्हे. दरातील लहानशा फरकाला ते दीर्घ मुदतीत प्रचंड मोठा करते, एवढेच त्याचे सामर्थ्य आणि तेवढीच त्याची मर्यादा. गृहीतके निवडणारी संस्था जर स्वतः गुंतवणुकीची उत्पादने विकत असेल, तर उद्दिष्ट मोठे दिसावे यात तिचे हित असते. पालकांनी म्हणूनच अशा तक्त्यातील शेवटची ओळ वाचण्यापूर्वी पहिल्या दोन ओळींत कोणता दर धरला आहे ते पाहावे.

२. शुल्काशुल्कांतील दरी महागाईपेक्षा मोठी आहे

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. महाविद्यालयाचा खर्च म्हणून असा एक आकडा अस्तित्वातच नाही. अनुदानित महाविद्यालयात, म्हणजे जेथे शिक्षकांचे वेतन शासन देते अशा ठिकाणी, कला किंवा विज्ञान शाखेचे नेहमीचे वार्षिक शुल्क आजही काही हजारांत असते. शासकीय व विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे शुल्क त्याच्या कित्येक पट असते. आयआयटींमधील पदवीचे वार्षिक शिक्षणशुल्क २०१६ मध्ये ९०,००० रुपयांवरून २ लाखांवर नेण्यात आले. मात्र अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना आणि १ लाखापेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ते पूर्ण माफ झाले, तर १ ते ५ लाख उत्पन्न असलेल्यांना दोनतृतीयांश सवलत मिळाली. वैद्यकीय शिक्षणात शासकीय महाविद्यालय आणि महागडे अभिमत विद्यापीठ यांच्यातील अंतर तर इतके आहे की काही अभिमत विद्यापीठांतील एका वर्षाच्या शुल्कात शासकीय महाविद्यालयातील संपूर्ण एमबीबीएस पार पडते.

पाळण्यातील मूल यांपैकी कोठे पोहोचेल, हे कोणी सांगू शकत नाही. ते संस्कृतचे अध्ययन करील, परिचारिका होईल, आयटीआयमधून बाहेर पडून यंत्रशाळा काढील किंवा न्यायाधीश होईल. अशा स्थितीत सर्वांत महाग शक्यतेला उद्दिष्ट मानणे याचा अर्थ जी गोष्ट घडण्याची शक्यता सर्वांत कमी आहे, तिच्यासाठी आजची सारी ओढाताण करणे. शिवाय मोठी रक्कम विशिष्ट स्वप्नाच्या नावाने साठत गेली की ती स्वतःच मुलाच्या निवडीवर दबाव आणू लागते. डॉक्टरकीसाठी म्हणून पंधरा वर्षे जमवलेले पैसे समोर असताना इतिहास शिकण्याची इच्छा बोलून दाखवणे सतरा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला सोपे नसते.

३. मागच्या पिढीकडे असलेले दोन आधार

मुलांसाठी सर्वस्व लावावे, ही शिकवण महाराष्ट्रातील नोकरदार वर्गाला मागच्या पिढीकडून मिळाली आहे, आणि त्या पिढीपुरती ती व्यवहार्यही होती. शासकीय कर्मचारी, अनुदानित शाळेतील शिक्षक किंवा जिल्हा परिषदेतील लिपिक यांना दोन आधार होते. पहिला आधार म्हणजे स्वस्त सार्वजनिक उच्चशिक्षण. दुसरा म्हणजे निवृत्तिवेतन. हाती येईल ते मुलांवर खर्चून निवृत्तीच्या दिवशी रिकाम्या हाताने घरी परतलेल्या शिक्षकालाही पुढच्या महिन्यापासून निवृत्तिवेतन सुरू होत असे, आणि महागाई भत्त्याबरोबर ते वाढतही असे.

हे दोन्ही आधार वीसबावीस वर्षांच्या अंतराने ढिले झाले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. कर्नाटकाकडे जाणारे विद्यार्थी त्यामुळे येथेच शिकू लागले आणि जागांची संख्या मोठ्या प्रमाणावर वाढली, हा त्या निर्णयाचा लाभ मान्य केलाच पाहिजे. परंतु शिक्षणाचा खर्च विद्यार्थ्याच्या कुटुंबाने उचलायचा हे तत्त्वही त्याच वेळी रुजले. पुढे १९९३ च्या उन्नीकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांत निम्म्या जागा कमी शुल्काच्या व निम्म्या पूर्ण शुल्काच्या अशी योजना आखून दिली, ती २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात रद्द झाली, आणि नफेखोरी व कॅपिटेशन शुल्क यांना मनाई ठेवून संस्थांना आपले शुल्क ठरवण्याची मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात आज २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक विनाअनुदानित व्यावसायिक संस्थेचे शुल्क तिच्या खर्चाच्या आधारे मंजूर करते, त्यामुळे एकाच शहरातील, एकाच अभ्यासक्रमाच्या दोन महाविद्यालयांचे शुल्क वेगवेगळे असते.

निवृत्तिवेतनाचे तसेच झाले. १ नोव्हेंबर २००५ आणि त्यानंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. त्यांच्यासाठी अंशदानाची, म्हणजे कर्मचारी व शासन या दोघांच्या वर्गणीतून निधी उभा करण्याची, योजना आली. तिच्यात नंतर सुधारणांचे निर्णय झाले असले, तरी खाजगी क्षेत्रातील फार मोठ्या वर्गाची स्थिती त्याहून बिकट आहे : कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खालील किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरले, आणि या योजनेतून मिळणाऱ्या रकमेवर घर चालत नाही. दुकानदार, रिक्षाचालक, शेतकरी यांना तेवढेही नाही. मागच्या पिढीचा त्याग एका भक्कम पायावर उभा होता. पाया निघून गेल्यावर तोच त्याग तसाच करीत राहणे धोक्याचे आहे, आणि हा बदल घराघरांतील चर्चेत अजून पुरेसा उतरलेला नाही.

४. अलिखित कर्ज

येथे या विषयाच्या गाभ्याशी येता येते. मूल अठरा वर्षांचे होते तेव्हा पालक साधारणपणे शेहेचाळीस ते पन्नास वर्षांचे असतात. राज्य शासनाच्या बहुतेक सेवांत निवृत्तीचे वय ५८ आहे. म्हणजे शिक्षणाचा मोठा खर्च नेमका त्या दहा वर्षांच्या तोंडाशी येतो, ज्या वर्षांत वृद्धत्वाच्या निधीची सर्वाधिक वाढ व्हायची असते. ४८ व्या वर्षी या निधीतून काढलेले १० लाख रुपये ८ टक्के दराने दहा वर्षांनी सुमारे २१.६ लाख झाले असते. तेव्हा शिक्षणावर प्रत्यक्षात खर्च झाले ते १० लाख नव्हेत. भविष्य निर्वाह निधीतून मुलांच्या उच्चशिक्षणासाठी रक्कम काढण्याची मुभा नियमांत आहे, आणि ती मिळते म्हणून घेतली जाते. मिळण्याची सोय आणि घेण्याचा शहाणपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निधी संपल्यानंतर काय होते? पालकांचा खर्च थांबत नाही. दोघांच्या निर्वाहाला आजच्या मोलाने दरमहा ३०,००० रुपये लागतात असे धरले आणि निवृत्तीनंतरची वीस वर्षे मोजली, तर आजच्याच मोलाने ७२ लाख रुपये होतात; आजारपण वेगळे. हा खर्च कोणीतरी करायचा असतो आणि तो मूलच करते. ते त्याने करावे ही नुसती रूढीची अपेक्षा राहिलेली नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ प्रमाणे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आई-वडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क आहे. कायदा योग्य आहे. त्यातून एवढेच लक्षात घ्यायचे की पालकांचे रिते हात ही मुलाची कायदेशीर जबाबदारी होते.

आता या अलिखित कर्जाची बँकेच्या कर्जाशी तुलना करावी. समजा, विद्यार्थ्याने चार वर्षे दरसाल १ लाख याप्रमाणे ४ लाखांचे शैक्षणिक कर्ज १० टक्के दराने घेतले. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष परतफेडीला सूट असते. या काळाला बँका मोरेटोरियम म्हणतात, आणि त्यात सरळ व्याज जमा होत राहते. सूट संपते तेव्हा देणे सुमारे ५.४ लाख झालेले असते, आणि दहा वर्षांच्या मुदतीने त्याचा हप्ता दरमहा साधारण ७,१०० रुपये बसतो. हा हप्ता लहान नाही. पण त्याची रक्कम ठाऊक असते, मुदत ठाऊक असते, आणि पस्तिशीच्या आत तो संपतो. पालकांच्या निर्वाहाचे देणे मात्र मुलाच्या तिशीत सुरू होते, त्याच्या स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाच्या वर्षांत ऐन भरात येते आणि त्याची अखेर कोणालाही मोजता येत नाही. ते फेडत असताना पुढच्या पिढीची तरतूद राहून जाते, आणि तीच कोंडी नातवंडांपर्यंत जाते.

या कर्जाची आणखी एक बाजू अशी की ते घरातील सर्वांवर सारखे पडत नाही. मुलाच्या महागड्या शिक्षणात पालकांची पुंजी संपली, तर पुढे वृद्धापकाळी सांभाळण्याची अपेक्षा मुलाकडून होते, आणि त्याच अपेक्षेच्या जोरावर आधी मुलीच्या शिक्षणाला कात्री लागलेली असते. मुलाचा खर्च गुंतवणूक मानला जातो आणि मुलीसाठीची बचत शिक्षण व लग्न अशा जोडनावाने ओळखली जाते. ही जोडी तोडली पाहिजे. लग्नाचा खर्च टाळता किंवा आटोपता येतो, शिक्षणाचा येत नाही. आणि एकाच ठेवीवर दोन्हींची नावे असली की शिक्षण ऐन रंगात असताना लग्नाचा विचार पुढे ढकलणे कठीण होते. प्रत्यक्षात वृद्ध आई-वडिलांची शुश्रूषा किती घरांत मुली करतात, हे डोळ्यांसमोर असताना मुलीच्या शिक्षणाला दुय्यम मानणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय हिशेबालाही धरून नाही.

५. बचतीने नेमके काय पेलावे

शिक्षणाच्या खर्चाचे दोन भाग पाडले की उत्तर सापडू लागते. काही खर्चांना बाहेरचा पैसा मिळतो, काहींना मिळत नाही. संस्थेच्या शुल्कासाठी सवलती, शिष्यवृत्त्या आणि बँककर्ज उपलब्ध असते. राज्यात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील विद्यार्थ्यांच्या शुल्काचा निम्मा भार शासन उचलते; २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेने दाखल झालेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय घटकांतील, याच उत्पन्नमर्यादेच्या मुलींचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले आहे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्जयोजनेत ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि विद्यार्थ्याच्या कुटुंबाला स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना विनातारण व विनाजामीन कर्जाची सोय झाली असून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, मोरेटोरियमच्या काळात, व्याजात ३ टक्क्यांची सवलत आहे.

याउलट परगावी राहण्याचा व जेवणाचा खर्च, खोलीची अनामत, लॅपटॉप, प्रवेशाच्या दिवशी भरायची पहिली रक्कम, आणि अकरावी-बारावीतील खाजगी शिकवण्या यांना बाहेरचा पैसा अपुरा तरी मिळतो, उशिरा तरी मिळतो किंवा मिळतच नाही. लातूर, नांदेड, पुणे येथील शिकवण्यांचा दोन वर्षांचा खर्च अनेकदा पुढील पदवीच्या एका वर्षाच्या शुल्काएवढा होतो, आणि तो महाविद्यालयाच्या आधी येतो. नेमक्या याच ठिकाणी हुशार विद्यार्थी अडतात. महाराष्ट्रातील शिक्षणप्रसाराच्या धुरिणांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९०१ पासून कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृह हे तिच्या कार्याचे केंद्र ठेवून ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र राबवले. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी सहाय्यक समितीने ग्रामीण विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनाची जबाबदारी घेतली. शुल्काइतकाच दोन वेळचे जेवण आणि डोक्यावरचे छप्पर हा शिक्षणातील अडथळा आहे, हे जाणूनच ही कामे उभी राहिली.

म्हणून बचतीचे उद्दिष्ट असे असावे : परगावच्या निवास-भोजनाचा संपूर्ण कालावधीचा खर्च, अधिक पहिल्या वर्षाचे शुल्क, दोन्ही आजच्या मोलाने आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या साधारण महाविद्यालयाच्या पातळीवर. उदाहरणादाखल, निवास-भोजन दरसाल १.२ लाख आणि शुल्क दरसाल १.२ लाख धरले, तर चार वर्षांचा एकूण खर्च ९.६ लाख होतो आणि बचतीचे उद्दिष्ट ६ लाख. उरलेले तीन वर्षांचे शुल्क, म्हणजे ३.६ लाख, सवलत, चालू मिळकत आणि कर्ज यांनी मिळून भागवायचे, आणि सवलत मिळालीच नाही तरी ते विनातारण कर्जाच्या ४ लाखांच्या मर्यादेत बसते.

मूल पाच वर्षांचे असताना सुरुवात केली, तर हाती १५६ महिने असतात. परतावा महागाईइतकाच मिळेल, त्याहून अधिक नाही, असे सावध गृहीतक धरले, तर ६ लाखांसाठी दरमहा साधारण ३,८५० रुपये लागतात आणि दरवर्षी हा हप्ता महागाईच्या प्रमाणात वाढवावा लागतो. दरमहा ७०,००० रुपये हाती येणाऱ्या घरासाठी हे प्रमाण साडेपाच टक्के आहे. प्रत्येक मुलामागे मिळकतीच्या पाच ते सात टक्के हा म्हणूनच योग्य पल्ला ठरतो. वृद्धत्वासाठीची बचत याच्या किमान दुप्पट असावी, कारण शिक्षण चार-पाच वर्षांचे असते आणि निवृत्ती वीस-पंचवीस वर्षांची. दोन्ही एकदम जमत नसतील, तर शिक्षणाचा हप्ता कमी करावा, वृद्धत्वाचा नव्हे.

पैसे कोठे ठेवावेत, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. सुकन्या समृद्धी योजनेचा व्याजदर चांगला आहे, पण खाते उघडल्यापासून २१ वर्षांनी ते परिपक्व होते आणि उच्चशिक्षणासाठी, मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, शिल्लक रकमेच्या निम्मीच रक्कम काढता येते. पाचव्या वर्षी खाते उघडले तर उरलेली निम्मी मुलीच्या सव्विसाव्या वर्षी मिळते, हे आधीच हिशेबात धरावे. समभागांशी निगडित म्युच्युअल फंडातील पैसे प्रवेशाच्या तीन वर्षे आधीपासून टप्प्याटप्प्याने मुदतठेवीत आणावेत. विमा आणि बचत एकत्र बांधलेल्या ‘बाल योजना’ घेण्यापेक्षा कमावत्या पालकाचा निव्वळ मुदतीचा विमा वेगळा घ्यावा, कारण मुलाच्या शिक्षणावरील सर्वांत मोठे संकट कमी परताव्याचे नसून पालकाच्या अकाली मृत्यूचे असते.

६. ज्यांची मिळकत मासिक नाही

आतापर्यंतचे विवेचन पगारदाराला धरून झाले. शेतकऱ्याच्या घरात पैसा महिन्याने येत नाही. कापूस किंवा सोयाबीन विकल्यावर, उसाचे बिल जमा झाल्यावर तो येतो, आणि एखाद्या वर्षी येतच नाही. अशा घरांना मासिक हप्त्याचे बंधन घालणे गैर आहे. पीक आल्यावर त्यातील ठरलेला हिस्सा, पीक बुडाल्यास काहीच नाही, ही पद्धत त्यांना मानवते. जमीन विकून शिकवणे मात्र शेवटचाही पर्याय मानू नये. विकलेली जमीन परत येत नाही आणि शेतकऱ्याचे निवृत्तिवेतन म्हणजे ती जमीनच.

हातावर पोट असणाऱ्या कुटुंबाने किती साठवावे? रुपयांत मोजायचे तर शुल्कासाठी काहीही नाही. त्यांची तरतूद कागदपत्रांची असावी : जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आणि आधारशी जोडलेले विद्यार्थ्याचे बँकखाते. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच केला नाही, म्हणून हक्काची जागा हातची गेल्याचे प्रसंग दर प्रवेशहंगामात घडतात. पैशांच्या बाबतीत, शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरून मिळणारी शिष्यवृत्ती किंवा डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आणि स्वाधार यांसारख्या योजनांची रक्कम खात्यात येईपर्यंतचे काही महिने निभावतील एवढी शिल्लक असली, तरी मूल वर्ग सोडून परत येत नाही.

७. आक्षेप

या भूमिकेवर पहिला आक्षेप भावनेचा येईल : आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवले म्हणून महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या वर आल्या, त्या त्यागाला हिशेबात कसे मोजायचे? त्या त्यागाविषयी आदर असायलाच हवा. पण पोटाला चिमटा घेणे म्हणजे आजची हौस सोडणे; म्हातारपणाचा घास काढून देणे ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, कारण तो घास पुढे मुलालाच भरवावा लागतो. गाडी, मोठे घर, थाटाचे समारंभ यांत कपात करून शिक्षणाला जास्त देता येत असेल, तर ते अवश्य द्यावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पदवी मिळूनही नोकरी न मिळणाऱ्यांची संख्या मोठी असताना तरुणांच्या डोक्यावर कर्ज ठेवणे क्रूरपणाचे नाही काय? अमर्याद कर्ज ठेवणे निश्चितच क्रूरपणाचे आहे. म्हणून त्याला मर्यादा हवी : एकूण कर्ज त्या अभ्यासक्रमानंतर मिळणाऱ्या पहिल्या वर्षाच्या वास्तव वेतनापेक्षा, म्हणजे जाहिरातीतील सर्वोच्च वेतनापेक्षा नव्हे तर मागील तुकडीतील मधल्या विद्यार्थ्याला मिळालेल्या वेतनापेक्षा, अधिक नसावे. वार्षिक ४ लाख वेतन असेल तर वरील उदाहरणातील ७,१०० रुपयांचा हप्ता वेतनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास राहतो. जो अभ्यासक्रम या अटीत बसत नाही, त्यासाठी कर्ज घेऊ नये. परंतु मग साठवलेले पैसे घालणेही तितकेच अविचाराचे आहे, हे विसरता कामा नये. निकृष्ट महाविद्यालयाला रोखीने पैसे दिल्याने ते चांगले होत नाही. कर्ज घेताना कुटुंब निदान विचारते की हे फिटणार कसे, आणि पुंजी हाताशी असली की हा प्रश्न बहुतेक विचारलाच जात नाही. साहित्य, तत्त्वज्ञान, मूलभूत विज्ञान यांचे शिक्षण वेतनाने मोजू नये, हे खरे आहे. सुदैवाने अनुदानित महाविद्यालये आणि सार्वजनिक विद्यापीठे यांत ते आजही कर्जाविना घेता येते, आणि ते तसेच राहावे यासाठी झटणे हे सर्वांचेच काम आहे.

परदेशी शिक्षणाचा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येईल. परदेशातील पदव्युत्तर शिक्षण हा सज्ञान, शक्यतो काही वर्षे कमावलेल्या व्यक्तीचा स्वतःचा निर्णय आहे. त्याची तरतूद पाळण्यापासून करणे हे पालकांचे कर्तव्य नाही, आणि त्यासाठी राहते घर तारण ठेवणे तर नाहीच नाही.

शेवटचा आक्षेप असा की हा सारा भार कुटुंबावर का टाकायचा? शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली आणि ती आजवर पूर्ण झालेली नाही. शासनाने आपला हिस्सा उचलला असता, तर या लेखातील बरेचसे हिशेब करावेच लागले नसते. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे. जे पालक दरमहा हप्ता भरतात, त्यांनी महाविद्यालयाने शुल्कवाढ मागितल्यावर नियामक प्राधिकरणाकडे तक्रार करण्याचे, अनुदानित तुकड्या बंद पडत असताना लोकप्रतिनिधीला जाब विचारण्याचे आणि आपल्या जिल्ह्यातील वसतिगृहांच्या स्थितीकडे लक्ष देण्याचे कामही शिक्षणाच्या बचतीतच धरावे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले, तेव्हा त्या केवळ पोटच्या मुलांसाठी देत नव्हत्या.

८. आकडा मुलाला सांगणे

एक काम मात्र प्रत्येक घराला आजच करता येण्याजोगे आहे आणि त्याला पैसा लागत नाही. बहुसंख्य घरांत मुलाच्या शिक्षणासाठी किती रक्कम आहे, हे मुलाला ठाऊक नसते. प्रवेशाच्या आठवड्यात, यादी लागल्यावर, एकाएकी तो आकडा त्याच्यासमोर येतो, आणि तोवर दोन वर्षांच्या शिकवण्या, शाखा, स्वप्ने सारे ठरून गेलेले असते. दहावीची परीक्षा झाल्यावर आणि अकरावीचा अर्ज भरण्याआधी पालकांनी मुलाला समोर बसवावे, घरात शिक्षणासाठी किती साठले आहे, वृद्धत्वासाठी किती आहे आणि त्याला हात का लावला जाणार नाही, स्वतःच्या नावावर किती कर्ज घेण्याची तयारी त्याने ठेवावी, हे आकड्यांत सांगावे, आणि मुलगी असेल तर तिला तोच आकडा सांगावा जो मुलाला सांगितला असता.